उन्हात मिटलेली छत्री

परवा स्मारक समितीची माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसली. पुढे वकील, मागे शाळेतले दोन मास्तर. चहा झाला, पान झालं, मग वकिलांनी घसा साफ केला.

"मुकादम, डॉक्टरसाहेबांचा फोटो वाचनालयात लावायचं ठरलंय. स्वराज्याचा झेंडा चढेल त्याच दिवशी. तुमचा त्यांचा घरोबा होता. आठवणीच्या चार ओळी द्या. आणि त्यांची छत्री तुमच्याकडे आहे म्हणतात, तीही द्या. फोटोखाली काचेच्या कपाटात ठेवू."

एका मास्तराने लगेच पेन्सिल काढली. "तुम्ही नुसतं सांगा आबा, मी उतरवून घेतो. भाषा वगैरे मी बघतो."

मी म्हटलं, "माझी भाषा माझी मी बघेन. मराठी दुसरीपर्यंत शिकलोय. कापसाच्या जिनात उभा जन्म माणसं हाकली, पण अंगठा कधी उठवला नाही, सहीच केली. लिहायचं तर मीच लिहिणार. आणि छापायचं तर सगळं छापायचं."

"छापू की," वकील हसले, "फक्त जरा गोड लिहा."

तेव्हापासून माझं डोकं तापलंय. गोड लिहा म्हणे. त्या माणसाच्या तोंडून सगळ्या हयातीत एक गोड शब्द निघाला नाही, आणि ह्या गावाने त्याच्या तोंडात कधी गुळाचा खडा घातला नाही. आता मेल्यावर त्याच्याबद्दल गोड लिहायचं. गावाचं नाव मी घालत नाही, एरंडोलकडून जळगावला जाताना रस्त्यात लागणारं कुठलंही समजा. ज्याचं त्याला बरोबर समजेल.

डॉक्टर आमच्याकडचे नव्हते, घाटावरचे. मागच्या लढाईच्या आधीची जी लढाई झाली, तीत ते पलटणीबरोबर बसऱ्याला होते. डोक्याला गोळी लागून वाचलेले शिपाई त्यांच्या हाताखाली असत. जखम भरायची, शिपाई हिंडाफिरायला लागायचा, पत्ते कुटायचा, आणि मग एक दिवस जेवता जेवता आडवा पडून हातपाय झाडायचा. फेफरं. ते बघून ह्या माणसाला त्या दुखण्याचा ध्यास लागला तो मरेपर्यंत सुटला नाही. लढाई संपल्यावर ते आमच्या पेठेतल्या धर्मार्थ दवाखान्यात आले. पंचांना वाटलं, पलटणीतला डॉक्टर आयता मिळाला, खोकला-पडसं बघेल, पट्ट्या बांधेल. त्यांना काय ठाऊक कसलं खोड घरात घेतलंय.

पहिली खोड म्हणजे छत्री. वैशाखात आमच्याकडे जे ऊन पडतं त्यात कावळासुद्धा निंबाच्या फांदीवरून हलत नाही. अशा उन्हात हा माणूस भर बाजारातून उघड्या डोक्याने चालायचा, आणि काखेत भली मोठी काळी छत्री, मिटलेली. पावसाळ्यात तेच. स्वतः चिंब भिजलेला, आणि छत्री ओली होऊ नये म्हणून कोटाच्या आत धरलेली. पोरं मागे लागायची. जिनातला एक गडी तोंडावर विचारायचा, "डाक्टर, छत्री आजारी शे का?"

"हो," डॉक्टर न थांबता म्हणायचे, "तिला ऊन सोसत नाही."

दुसरी खोड चामड्याची. दवाखान्यात कोणी वहाण-जोडा आणायचा नाही. ओट्याखालीही नाही, थेट रस्त्याच्या पलीकडे निंबाखाली काढायचा. गावची कुत्री तिथे टपून असायची. वहाणा पळवल्या की लोक डॉक्टरला शिव्या देत अनवाणी घरी जात. कारण सगळ्यांना माहीत होतं. कोणाला फेफरं आलं की आपल्या लोकांचा पहिला इलाज काय, तर नाकाला जोडा लावायचा. ते बघितलं की डॉक्टरांचं माथं फिरायचं. म्हणायचे, "जोड्याने फेफरं जात असतं तर कोल्हापुरात एकही रोगी उरला नसता."

आणि तिसरी म्हणजे त्यांचे दोन शब्द, "हात काढा." माणूस पडला की चार जण धरतात, कोणी मुठीत किल्ली कोंबतो, कोणी दातात लाकूड घालतो. हा माणूस गर्दीत घुसून म्हणायचा, "हात काढा आधी." आणि मग शेजारी मातीत बसून राहायचा. नाडी नाही, औषध नाही, काही नाही. नुसता त्या माणसाच्या बोटांकडे टक लावून बसायचा. लोक चिडायचे. डॉक्टर म्हणवतो आणि बघत बसतो. पुढे नातेवाइकांना एकच विचारायचा, "सुरुवात कुठल्या अंगठ्यापासून झाली?" आता पोटच्या पोराने डोळे फिरवलेत, आणि बापाने अंगठा बघायचा? त्यावरूनच त्यांना गावाने 'अंगठ्या डॉक्टर' नाव ठेवलं. हे नाव तुमच्या फोटोखाली लिहा, वकीलसाहेब. गावाने दिलेली तेवढीच पदवी.

माझी मुलगी मथुरा. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, माझ्या मायने तिला वाढवली. चांगली परकर आवरून पाण्याला जायला लागली तेव्हा तिला झटके सुरू झाले. मी जिनात असताना मायने तिला पारोळ्याकडच्या एका भगताकडे नेलं. त्याने तापल्या विळ्याने उजव्या कानशिलावर डाग दिला. पोर घरी आली तेव्हा ओरडायची ताकदही तिच्यात नव्हती. मी मायशी महिनाभर बोललो नाही. भगताला शोधायला गेलो तर तो दुसऱ्या गावाला निघून गेलेला. तो भेटला असता तर ह्या कागदाऐवजी मी तुरुंगातून लिहीत असतो.

मग एका आठवडे बाजारी मथुरा मिरच्यांच्या ओळीत पडली. मी दोन हात पुढे होतो. वळून बघतो तोवर कडं झालेलं. एकाने पायातला जोडा काढलेला, एक जण तिच्या छातीवर गुडघा देऊन हात दाबतोय, लाल मिरच्या सगळ्या तिच्या अंगाखाली. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात काढा." आणि फट्‌ करून छत्री उघडली.

ती छत्री उघडलेली गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तंबूएवढी होती. डॉक्टरांनी ती मथुरेच्या अंगावर धरली, आडवी, लोकांच्या बाजूने. ऊन अडवायला नाही. नजरा अडवायला.

मी तिचा हात धरायला वाकलो.

"तुम्ही कोण?"

"बाप."

"मग बापासारखी छत्री धरा. तोंड तिकडे, लोकांकडे."

मी धरली. पाठ पोरीकडे, तोंड गावाकडे. आणि मी आमच्या गावाची तोंडं बघितली. त्यात रोज रामराम घालणारी होती, माझ्या घरी जेवलेली होती. तमाशाच्या फडात पुढची जागा मिळाल्यावर माणसाचं तोंड जसं होतं तशी सगळी झाली होती. छत्री मध्ये आली म्हणून काही जण चक्क वाकून बघायला लागले. शेठच्या दुकानाच्या पायरीवर हेच वकील उभे होते, तेव्हा नवीनच वकिली लागलेली. म्हणाले, "अहो डॉक्टर, रस्ता अडतोय, बाजूला घ्या तिला."

डॉक्टर बोटांकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "रस्ता उद्याही इथेच असेल."

मथुरा शुद्धीवर आली तेव्हा तिचा परकर ओला झाला होता. डॉक्टरांचा कोट तिच्या अंगावर होता, वर काळं कापड, आणि बाप. बाकी कोणी तिला दिसलं नाही. मला पुढे म्हणाले, "बसऱ्याला एक शिपाई शुद्धीवर आला की रडायचा. आजाराने नाही. भोवती उभ्या असलेल्यांची तोंडं बघून." एवढंच. छत्रीबद्दल त्यांनी मला जन्मात एवढंच सांगितलं.

त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी तिच्या कानशिलावरचा डाग पाहिला, त्याची कड बोटाने चाचपली. मग म्हणाले, "डावा अंगठा आधी हलतो तिचा. म्हणजे दुखणं डोक्याच्या उजव्या अंगाला. भगताने बाजू बरोबर हेरली हो मुकादम. फक्त कातडं जाळलं, दुखणं आत आहे."

त्यांनी एक पांढरी बारीक गोळी काढली. जर्मनीची. ह्या गोळीची गोष्ट ते कुणालाही थांबवून सांगत. तिकडे फेफऱ्याच्या रोग्यांच्या खोलीवर एक तरुण डॉक्टर राहायचा. खालच्या गोंधळाने त्याला झोप येईना. म्हणून त्याने रोग्यांना झोपेची नवी गोळी दिली, निदान आपल्याला तरी झोप लागेल म्हणून. आणि बघतो तर त्यांचे झटकेच कमी झाले. "स्वतःची झोप शोधायला गेला, आणि सापडलं काय बघा," असं म्हणून डॉक्टर हसायचे. त्यांना हसताना मी ह्याच एका गोष्टीवर पाहिलंय.

टपालाने त्यांच्याकडे विलायती मासिकं यायची. टपालकचेरीच्या दारातच फोडून उभ्या उभ्या वाचायचे. एकदा तसेच धावत जिनात आले. "मुकादम, मेंदूत वीज असते. जर्मनीत एकाने डोक्याला तारा लावल्या आणि ती वीज कागदावर काढून दाखवली. रेघा, रेघा. फेफऱ्याच्या वेळी ह्या रेघा खवळत असणार." आमच्या गावात तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. गडी पोट धरून हसले. एक जण म्हणाला, "मग डाक्टर, तुम्हना डोकावर एक दिवा लाई द्या. बठ्ठा जिन उजळी."

मीही हसलो. पण गोळी चालू ठेवली, आणि मथुरेचं पडणं कमी होत होत कधीमधी वर आलं. पोर पुन्हा पाण्याला जायला लागली, एकटी नाही, पण जायला लागली.

आता ह्या माणसाची उलटी रीत बघा. रोगी येऊन कण्हला की त्याच्याशी नीट बोलायचे. आणि कोणी येऊन "बरं वाटतंय डॉक्टर" म्हटलं की अंगावर धावून जायचे. "बरं वाटतंय? म्हणजे आता गोळी सोडणार तुम्ही. सोडा, आणि मरा." लोक म्हणायचे, हा येडा शे, बरं झालेलं ह्याला बघवत नाही. मलाही तसंच वाटायचं. श्रावणापर्यंत.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी मांडतात, तिच्या नावाने गहू आधी मोजून काढून ठेवलेले असतात, त्याचे रोट करतात. ते रोट संपेपर्यंत घराने तेच खायचं. आमच्या मायचा दंडक कडक. रोटाच्या दिवसांत बाहेरचं काही तोंडात जाऊ द्यायची नाही. मी सकाळीच जिनात जायचो. मायने गोळ्यांची बाटली उतरंडीत खाली घालून ठेवली आणि मथुरेला सांगितलं, "देवी शे आते घरमा. ती सांभाळी तुले."

रोट अजून संपले नव्हते, आणि पोरीला झटका आला. तो थांबतोय म्हणेपर्यंत दुसरा, शुद्ध यायच्या आत तिसरा. मला जिनात बोलावणं आलं. घरी पोचलो तेव्हा डॉक्टर आमच्या अंगणात उभे होते आणि माय उंबरठ्यावर आडवी.

"आत येवानं नही. कानबाई बशेल शे."

"मी आत येत नाही," डॉक्टर म्हणाले, "पोरीला बाहेर आणा."

मी तिला उचलून अंगणात आणलं. तिचे ओठ निळे पडले होते. छत्री उघडली, शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्यांच्या बाजूने धरली गेली, ह्या वेळी न सांगता मीच धरली. डॉक्टरांनी सुई टोचली. आम्ही तिघं तिथे किती वेळ बसलो मला सांगता येणार नाही. शेवटी तिचा हात सैल झाला आणि ती घोरायला लागली. तेव्हा कुठे डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"गोळी कोणी बंद केली?"

"मी," माय म्हणाली. ती घाबरणारी बाई नव्हती. "रोट चालू शेतस. बाहेरनं काईबी तोंडमा घालानं नही."

मला वाटलं आता हा माणूस मायला काहीतरी बोलणार आणि मला त्याला अंगणातून काढावं लागणार. पण ते खाली बसले, मातीत. म्हणाले, "माय, रोटात गूळ घालता?"

"घालतस ना."

"तो कुठला?"

"बाजारना. आम्हना वावरमा कोठे ऊस पिकस?"

"मग बाजारचा गूळ कसा चालतो?"

"तो कानबाईना नावनं आगोदर काढी ठेयेल ऱ्हास." माय चिडून म्हणाली, एवढं साधं ह्याला कळत नाही म्हणून.

डॉक्टर सुई पुसून ठेवायला लागले. आणि मग बोलली ती मायच. ती काही मूर्ख नव्हती. पोरीच्या निळ्या ओठांकडे बघत म्हणाली, "बाटली उतरंडमा शे. गव्हासंगे काढी ठेवाले पाह्यजे व्हती. मन्हं ऱ्हाई गयं."

आत गेली, बाटली काढली, कानबाईपुढे ठेवली, हळदकुंकू लावलं, पदर पसरून काहीतरी बोलली. मग एक गोळी चुरून रोटाच्या घासात घातली आणि पोर जागी झाल्यावर स्वतःच्या हाताने भरवली. डॉक्टर उंबरठ्याबाहेर होते, बघत. पुढच्या श्रावणापासून माझ्या घरात कानबाईच्या नावाने गहू निघाला की त्याच्या शेजारी पाटावर गोळ्यांची बाटली निघायची. माय मरेपर्यंत एक वर्ष चुकलं नाही.

ह्यात कोणाचं काय गेलं? पण शेजारच्या गच्चीवरून बघणाऱ्यांनी गावभर केलं, डॉक्टरने देवीच्या रोटात गुंगीचं औषध घातलं. पंच बसले. पंचांत पुढे हेच वकील. भाषण केलं. हा इसम रस्ते अडवतो, रोग्याला हात लावत नाही, पोरीबाळींना झोपेच्या गोळ्यांची सवय लावतो, आणि आता आमच्या देवीपर्यंत हात गेला.

माय चालत गेली त्या बैठकीला. बायका पंचांपुढे उभ्या राहत नसत तेव्हा. ही उभी राहिली. "डाक्टर उंबरठानी बाहेर व्हता. आतमा मी आन्‌ मन्ही कानबाई. गोळी मी घाली. आमना दोनीसनं जमनं. तुम्हीन कोन इचारनारा?"

ठराव मात्र झाला. दवाखाना बंद करून डॉक्टरांना मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर शेण फासलेलं होतं. ते कोणी फासलं मला माहीत आहे, तो आता तुमच्या समितीचा खजिनदार आहे.

डॉक्टर गेले असते तर गेले असते. जळगावला, धुळ्याला, कुठेही. पण तो माझ्याहून हट्टी निघाला. जिनाच्या पाठीमागे सरकीच्या वखारीला लागून एक खोली घेतली आणि तिथे बसला. मी विचारलं, कशाला राहता ह्या लोकांत? म्हणाले, "माझे सोळा-सतरा रोगी आहेत इथे. मी गेलो की बरं वाटायला लागेल त्यांना."

मथुरा मोठी झाली. एरंडोलकडून एक स्थळ आलं. घर बरं, मुलगा बरा. बोलणी होत आली होती. मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. त्यांना कुठून कळलं देव जाणे. हा माणूस काखेत छत्री घेऊन व्याह्याच्या घरी गेला, ओट्यावर बसला आणि मुलीचं दुखणं काय, गोळी कशी द्यायची, पडली तर काय करायचं, सगळं सांगून आला. स्थळ मोडलं. मोडणारच होतं.

मी त्या खोलीत गेलो तो भांडायलाच. "तुम्ही माझ्या पोरीचं वाटोळं केलं."

"बसा."

"बसत नाही."

"मुकादम, तिला रोज गोळी लागणार आहे. सासरी कुठे लपवील ती? पिठाच्या डब्यात? लपवलेली गोळी चुकते. चुकली की काय होतं ते तुम्ही तुमच्या अंगणात पाहिलंय. तिथे तुमची माय होती, दार उघडायला. तिकडे कोण आहे?"

त्यावर मी जास्तच बोललो. नको नको ते बोललो. वर्षभर त्या वाटेने गेलो नाही. मथुरेच्या गोळ्या माय आणायची. आणि हे मी आजही म्हणतो, त्यांनी मला विचारायला हवं होतं. बाप मी होतो. बरोबर असलं म्हणून काय न विचारता करायचं? ह्याबद्दल माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पण त्या मोडलेल्या स्थळाची गोष्ट फिरत फिरत अमळनेरला गेली. तिथली एक विधवा बाई, मुलगा तेलाच्या कारखान्यात, एक दिवस पत्ता काढत दारात उभी राहिली. जाडजूड, कपाळ मोकळं, आवाज मोठा. सगळे तिला अक्का म्हणत.

"तुम्हनीच पोर ना, डाक्टरनी जिन्हं लगीन मोडं?"

मी म्हटलं, "आमचीच."

"पोर पडस?"

"पडस. कधीमधी."

"चूलजोगे बसस?"

"चुलीजवळ एकटी बसू नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग चूलजोगे मी बससू." आणि आत जाऊन बसलीसुद्धा. "लपाडीसन देनारा बठ्ठाच शेतस, भाऊ. सांगीसन देनारं घर कुठं भेटस? मन्हा पोऱ्याले मी तेच सांगं."

मी तिला घेऊन वर्षाने त्या खोलीत गेलो. डॉक्टरांनी मला बघितलंच नाही, तिला विचारलं, "पोर तुमच्यासमोर पडली तर काय कराल?"

"जोडा सुंगाडसू," अक्का म्हणाली, मोठ्या हुशारीने.

डॉक्टर उठून उभे राहिले. मला वाटलं, झालं, हेही मोडलं. ते बाहेर गेले, सरकीच्या पोत्यांना एक फेरी मारून आत आले आणि म्हणाले, "अक्का, पुन्हा पहिल्यापासून सांगतो." त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी तिला शिकवलं. एका कुशीवर कसं करायचं, तोंडात काही का घालायचं नाही, अंगठा कसा बघायचा. ती सारखी विचारायची आणि तो माणूस सारखा सांगायचा, न चिडता. मला कधी एवढं सांगितलं नव्हतं.

लग्नात लोकांनी भांडी दिली, लुगडी दिली. डॉक्टर अनवाणी आले आणि आहेर म्हणून छत्री ठेवली. पंगतीत हसू फुटलं. अक्काने ती उचलली, उघडून बघितली, मिटली आणि काखेत धरून उभी राहिली, अगदी त्यांच्यासारखी.

त्यानंतर डॉक्टर रिकाम्या काखेने हिंडायचे. मग दुसरी लढाई लागली. जर्मन गोळी बाजारातून गेली. ते मुंबईला खेपा घालून इंग्रजी बनावटीची तीच गोळी मिळवायचे आणि गाडीच्या गार्डाच्या हाताने अमळनेरला धाडायचे. मथुरेची गोळी लढाईतसुद्धा चुकली नाही. ती पडली, अधूनमधून पडली. पण तिला मुलगा झाला, तो रांगायला लागला, चालायला लागला.

आणि आता शेवटचं. हे गोड नाही.

वैशाख होता. डॉक्टर मुंबईच्या गाडीतून उतरून उन्हातून चालत येत होते, आणि मिरच्यांच्या ओळीजवळ पडले. उन्हाने पडले. अंग तव्यासारखं, घाम सगळा आटलेला. त्यांना सावली हवी होती आणि पाणी. लोक जमले. ह्या गावाला वाटलं, फेफऱ्याचा डॉक्टर पडला म्हणजे फेफरंच. कडं केलं, वारा अडवला. चार जणांनी हात दाबून धरले. एकाने मुठीत किल्ली कोंबली. आणि एकाने पायातला जोडा काढून त्यांच्या नाकाला लावला. त्यांच्या. मला निरोप पोचून मी धावत आलो तेव्हा तो जोडा अजून तिथेच धरलेला होता, आणि शेठच्या दुकानाच्या पायरीवर, सावलीत, ओळखीची माणसं उभी होती. बघत. मी ओरडलो, हात काढा. काढले. तोवर काही उरलं नव्हतं. त्यांच्या कोटाच्या खिशात गोळ्यांची बाटली होती, अमळनेरची. ती मी स्वतः पोचवून आलो.

त्या भर बाजारात एकाही माणसाकडे छत्री नव्हती का? होत्या. लोक आपापल्या डोक्यावर धरून उभे होते.

तर वकीलसाहेब, चार ओळी जास्त झाल्या. फोटो लावा, हार घाला, भाषण करा, तुमचं गाव आहे. छत्रीचं मात्र लिहून देतो. गेल्या महिन्यात मी अमळनेरला गेलो होतो. बाजारात मथुरा चालत होती, तिच्या मागे एक पाऊल अक्का, आता वाकलेली, आणि तिच्या काखेत ती. कापड दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं, काडी एक बदललेली. वर ऊन रणरणत होतं आणि छत्री मिटलेली होती. लोक हसत होते.

ती कपाटात ठेवायला मिळणार नाही. ती कामावर आहे.